अळंब्यांची जागा

सोमवारी सकाळी हिरुत कॉफीच्या मशीनपाशी गेली आणि तिथल्या चौघांची बडबड नळ बंद केल्यासारखी थांबली. ओदिल आपल्या कपात बघायला लागली. यानला एकदम कुणाला तरी फोन करायचं आठवलं. आणि रेजिस, जो दोन वर्षं तिला लांबूनच "ए हिरुत, ये गं" म्हणून हाक मारायचा, तो भिंतीला चिकटून बाजूला झाला आणि म्हणाला, "घ्या तुम्ही. आमचं झालंय."

तुम्ही! याच माणसाने तिला एकाच दोराला बांधून कडा चढवला होता. बर्फात तिचा बूट फाटला तेव्हा स्वतःच्या पिशवीतली सुतळी काढून बांधून दिला होता. त्याच्या तोंडून हे 'तुम्ही' आलं, आणि मागून दार लावून घ्यावं तसं आलं. चौघं निघून गेली. हिरुत ते काळं पाणचट पाणी हातात धरून एकटीच उभी राहिली. तिच्या गावी, इथिओपियातल्या देस्सेला, पाहुण्यासमोर बिया भाजून, कुटून कॉफी करतात आणि तिसरा कप झाल्याशिवाय कुणी उठत नाही. मशीनमधलं हे औषध ती दोन वर्षं गिळत होती ते काय चवीसाठी? गप्पांसाठी. आता गप्पाच बंद झाल्यावर ते औषध नुसतंच राहिलं.

ग्रेनोबलमधल्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीत ती टेस्टिंगला होती. कामात कुणी तिच्याकडे बोट दाखवलं नसतं. पण फ्रेंच माणसात नुसतं काम चांगलं करून भागत नाही, हे तिला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. सोमवारी सकाळी मशीनपाशी एकच प्रश्न असतो: शनिवार-रविवार काय केलंस? ती पहिल्यांदा खरं बोलली, "झोपले." तर सगळ्यांनी असे चेहरे केले, जणू तिच्या घरी कुणी गेलं. त्यानंतर तिने बूट घेतले, काठ्या घेतल्या, पाठीवरची पिशवी घेतली. पाऊस असो, बर्फ असो, शनिवारी पहाटे कुणाच्या तरी गाडीच्या मागच्या सीटवर कोंबून घेऊन डोंगरावर. वर पोचलं की दगडावर बसायचं, चाकूने सॉसेज कापायचं, चीजचा वास सहन करायचा आणि म्हणायचं, "वा, काय हवा आहे!" पुढे पुढे तिला ते मनापासून आवडायला लागलं. डोंगर तिला नवीन नव्हते, पण डोंगरावर बिनकामाचं जाणं नवीन होतं. गावी डोंगर चढायचा तो पाण्यासाठी, लाकडासाठी. इथे घामाघूम होऊन चढायचं आणि वर जाऊन नुसतं खाऊन खाली यायचं! आईला फोनवर सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "त्यांना घरी कामं नाहीत का गं?"

तर अशी ती त्यांच्यातली झाली होती. निदान तिला तसं वाटत होतं.

झालं होतं काय, तर पंधरवड्यापूर्वी रेजिसने तिला बाजूला घेतलं आणि विचारलं, "शनिवारी माझ्याबरोबर येतेस? फक्त आपण दोघं. बायकोचा घोटा मुरगळलाय. टोपल्या उचलायला कुणीतरी लागेल."

"कुठे?"

त्याने आधी इकडेतिकडे पाहिलं. मग तिच्या कानाशी येऊन म्हणाला, "अळंब्यांना."

ओदिलला हे कळलं तेव्हा तिच्या हातातला चमचा खाली पडला. "तुला नेतोय? अळंब्यांना? मी त्याच्याबरोबर बारा वर्षं काम करते गं, मला एक अळंबी दाखवली नाही त्याने!" मग तिने हिरुतला शहाणं केलं. या लोकांना तुम्ही पगार विचारा, कुणाला मत दिलं विचारा, एखादेवेळी सांगतीलही. अळंब्या कुठे मिळतात ते विचारायचं नाही. सख्खा भाऊ सख्ख्या भावाला सांगत नाही. ओदिलचे आजोबा दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होते, सगळी पोरं उशाशी बसून विचारत होती, आणि म्हाताऱ्याने भिंतीकडे तोंड फिरवलं ते फिरवलंच.

हिरुतला केवढा अभिमान वाटला होता! शनिवारी तिने दोनदा बूट पुसले. रेजिसने काय काय सोंगं केली म्हणता! तिचा फोन बंद करून घेतला. गाडी भलत्याच गावात चर्चपाशी लावली. तिथून उलट्या दिशेला बराच वेळ चालवलं, एका गोठ्याला वळसा घातला, वाटेत एक शिकारी भेटला तर रेजिस त्याच्याशी पक्ष्यांवर बोलत बसला, दुर्बीणसुद्धा आणली होती गळ्यात अडकवायला. टोपल्या जाकिटाखाली. आणि मग बीच नावाच्या जुन्या झाडांत, ओलसर पानांच्या खाली, त्या अळंब्या. जाड पायांच्या, भाजलेल्या पावाच्या रंगाच्या. हिरुत हसत होती आणि रेजिस तिला गप्प करत होता.

"शपथ घे," तो म्हणाला.

हिरुतने तिच्या गावी घेतात तशी घेतली, आईची. आईचं नाव तिने उगाच कधी तोंडात आणलं नव्हतं. ती घेतानासुद्धा तिच्या अंगावर काटा आला.

"तुलाच का आणलं सांगू?" परत येताना रेजिस खुशीत येऊन म्हणाला होता. "तुझ्याकडे गाडी नाही, इथे तुझं कुणी नाही. तू सांगशील कुणाला?"

तेव्हा ती यावर हसली होती. आता ते वाक्य आठवलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जात होती. विश्वास म्हणून नेलं नव्हतं बाबांनो, सोय म्हणून नेलं होतं! भरल्या दोन टोपल्यांतून तिच्या वाट्याला ओंजळभर अळंब्या आल्या, त्याही किडक्या. तिने त्या लोण्यावर परतून खाल्ल्या. आईने फोनवर विचारलं, कुठे मिळाल्या, तर म्हणाली, "जंगलात." आईलासुद्धा याच्यापुढे एक शब्द सांगितला नाही.

मंगळवारी संध्याकाळी तिने ओदिलला सायकलींच्या शेडमध्ये गाठलं आणि तिच्या सायकलीचं हँडल धरून उभी राहिली. "काय चाललंय ते सांगितल्याशिवाय सोडणार नाही."

ओदिलने सांगितलं, पण असं इकडे बघ, तिकडे बघ करत. रेजिस रविवारी पुन्हा जागेवर गेला होता. सगळं तुडवलेलं. देठ कापलेले, पानं उपसलेली, बिस्किटांची वेष्टणं पडलेली. पाचपंचवीस माणसं येऊन गेल्यासारखं. "आणि तू त्याच रविवारी... तू सगळ्यांना पाठवलेला फोटो होता ना. तुझ्या चर्चच्या लोकांचा. डोंगरावर."

"तळ्यावर! तो तळ्यावरचा फोटो आहे! खाली, धरणापाशी! त्यात पाणी दिसतंय, ओदिल!"

"हो, म्हणजे... रेजिस म्हणाला, वाटेतच आहे."

"आणि तू काय म्हणालीस?"

ओदिल काहीच म्हणाली नव्हती. तिने सायकलीचं कुलूप काढलं, हेल्मेट घातलं आणि म्हणाली, "हे बघ, मला दोघांच्या मध्ये पडायचं नाही."

मध्ये पडायचं नाही म्हणे! एकाने चिखल उडवायचा, दुसरीने बघायचं, आणि वर आपण किती सज्जन म्हणून घरी जाऊन जेवायचं. हिरुतला वाटलं, सायकल अशीच उचलून आपटावी.

बुधवारी ती सरळ रेजिसच्या टेबलापाशी गेली. "माझ्याबद्दल तुला काही म्हणायचं असेल तर मला म्हण."

"मला वाद घालायचा नाही," रेजिस स्क्रीनकडे बघत म्हणाला. "तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. झालं."

"मला काय माहीत आहे?"

तो उठला आणि जेवायला निघून गेला. जेवणाची वेळ झालीच होती. या लोकांचं युद्ध चालू असलं तरी बाराच्या ठोक्याला ते जेवायला जातील.

आणि गुरुवारी तिला मादाम रुव्हिएंनी केबिनमध्ये बोलावलं. या विभागप्रमुख. बाई चांगली, आवाज मऊ, आणि तो जितका मऊ तितकं धोक्याचं. त्या म्हणाल्या, "हिरुत, कुणी तुमच्यावर आरोप करत नाहीये."

"कसला आरोप?"

"तेच म्हणते मी. कुणी करत नाहीये. पण टीममध्ये थोडा ताण जाणवतोय. दाबाच्या चाचणीला दोघं लागतात, एक व्हॉल्व्हपाशी आणि एक पाईपपाशी. समोरच्याच्या शब्दावर उभं राहायचं असतं. रेजिसला सध्या तुमच्याबरोबर उभं राहणं... अवघड वाटतंय. तर काही दिवस तुम्ही वरच्या मजल्यावर बसून अहवाल बघाल का? सोमवारी ठरवू या."

म्हणजे हे असं. दोन वर्षं तिने "बंद" म्हटलं की व्हॉल्व्ह बंदच असायचा. तिच्या शब्दावर त्या पाईपला हात लावून रेजिस रोज सुखरूप घरी गेला. आणि आता अळंब्यांवरून तिचा शब्द खोटा! वर अहवाल वाचत बसा. एकदा वर गेलेला माणूस पुन्हा टेस्टिंगला खाली आलेला तिने तरी पाहिला नव्हता. राजधानीत, अदिसला शिकताना वर्गातल्या पोरांच्या टोमण्यांना पुरून उरून तिने हे काम मिळवलं होतं. आणि ते जाणार कशाने, तर कुणीतरी कुठेतरी अळंब्या खुडल्या म्हणून! पण नोकरीपेक्षाही तिला जे आतून जाळत होतं ते वेगळंच. तिने आईची शपथ घेतली होती. ती शपथ तिने चार अळंब्यांसाठी विकली असं ही माणसं धरून चालली होती, आणि एकाच्याही तोंडून साधा प्रश्न निघत नव्हता. आरोप असता तर उत्तर देता आलं असतं. 'कुणी आरोप करत नाहीये' याला काय उत्तर देणार?

शुक्रवारी रात्री तिने पाव, चीज, पाण्याची बाटली भरली. म्हटलं, बघतेच कोण येतं ते.

शनिवारी पहिली बस पकडून ती डोंगरावरच्या पठारावर गेली. बस नेऊन सोडते ती मोठ्या गावात. तिथून पुढे पायीच. रेजिसने फिरवलेले सगळे वळसे तिला पाठ होते, पण त्यांची गरजच नव्हती; डोंगरात वाढलेल्या पोरीला वळसे घालून चकवता येत नाही. ती सरळ ओढ्याच्या कडेने वर चढली आणि रेजिसच्या निम्म्या वेळात बीचच्या झाडांत पोचली. आठवडाभर पाऊस होऊन गेला होता. तुडवलेल्या पानांतून पुन्हा अळंब्या डोकं वर काढत होत्या. तिने एकीलाही हात लावला नाही. एका पडलेल्या खोडामागे जाकीट अंथरून ती बसली. रागाने तिला भूकसुद्धा लागत नव्हती, तरी तिने पाव खाल्ला, कारण रागावायला ताकद लागते.

थोड्या वेळाने जंगलखात्याच्या कच्च्या रस्त्यावर गाडीचा आवाज आला. पांढरी मिनीबस. ती थांबली, मागचं दार उघडलं, उतरती फळी खाली आली, आणि काय उतरलं म्हणता? म्हातारी माणसं! एक जण चाकांच्या खुर्चीत, दोघी वॉकर घेऊन, एकीच्या डोक्यावर लग्नाला घालतात तसली हॅट. दोन निळ्या कोटातल्या सेविका त्यांना हात देत होत्या. आणि सगळ्यांच्या पुढे काठी टेकत, कंबरेतून वाकलेला एक म्हातारा, पण आवाज असा की झाडावरचे कावळे उडाले:

"तिकडे नको, सुझान! त्या खडकाच्या अलीकडे! अगं, पाय नको देऊस, हात घाल पानात! आणि गेल्या वेळेसारखा कचरा टाकलात तर एकेकाला इथेच पुरेन!"

हिरुत खोडामागून उठली. म्हाताऱ्याने तिच्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं.

"तू कोण? कुणी पाठवलं?"

"कुणी नाही. मी बघायला आले होते, इथे कोण येतं ते. ही रेजिसची जागा आहे ना?"

"रेजिसची?" म्हातारा असा पेटला! "रेजिसची? रेजिसला लंगोट कोण बांधत होतं माहीत आहे? मी! ही एवारिस्तची जागा आहे. त्याच्या आधी त्याच्या बापाची होती. रेजिसची म्हणे!"

हिरुत त्याच्याकडे बघतच राहिली. ते नाक, ती भुवई वर करायची तऱ्हा. "तुम्ही त्याचे वडील?"

"असं त्याची आई म्हणायची. बस इथे. तू कुठली?"

"इथिओपियाची. रेजिसबरोबर काम करते." आणि मग तिला राहवलंच नाही. तिने सगळं सांगितलं, मशीनपासून मादामच्या केबिनपर्यंत. सांगताना आवाज चढत गेला. हॅटवाल्या बाईने तर अळंबी शोधायची सोडून तिथेच बूड टेकलं, गोष्ट ऐकायला.

एवारिस्तने सगळं ऐकून घेतलं. मग काठी जमिनीवर आपटली. "आता माझं ऐक. गेल्या महिन्यात मी त्याला म्हटलं, बाळा, एकदा ने मला. कंबर धरलीय, पण गाडीतून उतरून चार पावलं टाकीन. तर मला काय म्हणाला? बाबा, यंदा पाऊसच नाही, एक अळंबी नाही. मला! आकाश मला खिडकीतून दिसत नाही का? पाऊस पडतोय न् हा म्हणतो पाऊस नाही! बरं, म्हटलं असेल. मग सूनबाईचा फोन आला, घोटा मुरगळून घरात बसलीय बिचारी, सहज बोलून गेली की फ्रीझरमध्ये अळंब्यांनी मटार ठेवायला जागा उरली नाही. रविवारी येतो हा, केकचा खोका ठेवतो, बूड टेकायच्या आत घड्याळ बघतो. एक अळंबी नाही आणली बापाला. ऑम्लेटापुरतीसुद्धा नाही."

"मग?"

"मग काय! जन्मभर तोंड शिवून बसलो होतो. माझ्या बायकोला मी ही जागा लग्नानंतर पाच वर्षांनी दाखवली. पण सूनबाईचा फोन आला त्या दिवशी दुपारी जेवायला बसलो, काटा घेतला, पेल्यावर टिणटिण वाजवलं, वृद्धाश्रमाचा अख्खा जेवणाचा हॉल गप्प केला आणि सांगितलं. गावापासून खडकापर्यंत, सगळं. मिनीबसचा ड्रायव्हरपण पुढे सरकून ऐकत होता."

"टाळ्या वाजवल्या आम्ही," हॅटवाली म्हणाली.

हिरुतला हसू यायला हवं होतं. आलं नाही. "आणि मी आठवडाभर चोर म्हणून फिरतेय, आजोबा."

"ते वाईट झालं," एवारिस्त म्हणाला. "तुझ्या डोक्यावर पडेल असं माझ्या मनातसुद्धा नव्हतं. पण माफी मागेन असं समजू नकोस. मला फार मजा आली."

इतक्यात मागच्या झुडपातून एक माणूस ताडकन उभा राहिला. हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचं जाकीट, गळ्यात दुर्बीण. रेजिस. तोही पाळत ठेवायला आला होता! त्याने हिरुतला पाहिलं, माणसं पाहिली, आणि बाकी काही बघायच्या आत ओरडला:

"बघा! म्हटलं होतं मी! आता या बाई म्हातारेकोतारेसुद्धा गोळा करून आणायला लागल्या!"

"म्हातारा कोणाला म्हणतोस रे?" एवारिस्त वळला.

रेजिसचं तोंड उघडं राहिलं. "बाबा? तू? इथे?"

"का? मेलो असं वाटलं? की पाऊस नाही म्हणून येणार नाही असं वाटलं?"

"बाबा, तुझी कंबर... मी आपला तुझ्या काळजीने..."

"कंबर माझी आहे. आणि जीभही माझीच आहे. मी सांगितलं. हिने नाही, मी! काटा वाजवून सांगितलं."

"तू?" रेजिस असा बघत होता, जणू बाप नाही, खांबच बोलला. "तू सांगितलंस? पण आपल्यात कुणी सांगत नाही, बाबा!"

"आणि आमच्यात सांगतात?" हिरुत मध्ये आली.

रेजिसला ती आता कुठे दिसली. त्याने जाकिटाची चेन वर केली, खाली केली. "हिरुत. हे बघ. थोडा गैरसमज झाला."

"गैरसमज व्हायला आधी बोलावं लागतं, रेजिस. तू माझ्याशी बोललासच नाहीस. तू माझ्या पाठीमागे मला बेइमान ठरवलंस, माझं काम काढून घ्यायला निघालास. मी आईची शपथ घेतली होती!"

"पण मी तरी काय समजणार? तू एकटीच होतीस जिला..."

"जिचं इथे कुणी नाही. हो ना? मग कुणाला सांगितलं असतं मी? त्या दिवशी मला कुणी नव्हतं म्हणून आणलंस, आणि आठवड्यात मला अख्खं चर्च चिकटवून दिलंस!"

हॅटवाली म्हणाली, "बरोबर आहे हिचं." सेविकेने तिला दंडाला धरून अळंब्यांकडे वळवलं.

"सोमवारी मादामना सांगतो," रेजिस हळूच म्हणाला. "पण बाबाचं... ते ऑफिसात काढायला नको, प्लीज. घरातली गोष्ट आहे."

"माझी काढलीस तेव्हा घरातली नव्हती," हिरुत म्हणाली आणि पिशवी उचलली. मागून एवारिस्त ओरडला, "थांब, पोरी, चार अळंब्या तरी घेऊन जा!" पण तिने मागे पाहिलं नाही. त्या क्षणी तिला त्या घराण्याची अळंबीसुद्धा नको होती.

सोमवारी ती पोचली तेव्हा रेजिस मादाम रुव्हिएंच्या केबिनमधून बाहेर पडत होता. मादामनी तिला दारातच हसून सांगितलं, "सगळं सुरळीत झालंय, हिरुत. तुम्ही खालीच राहा. आनंद आहे."

"तो काय म्हणाला तुम्हाला?"

"गैरसमज होता, मिटला. तपशिलात जायची गरज नाही ना?"

तपशिलात! तिची अब्रू हा यांचा तपशील! हिरुत सरळ मशीनपाशी गेली. चौघंही होती. आणि काय स्वागत! यानने बाजूला होऊन जागा केली. ओदिलने गालाला गाल लावला, डावीकडे, उजवीकडे. रेजिसने स्वतः बटण दाबून कप तिच्या हातात दिला. "ए हिरुत, ये गं. साखर घालू?"

"शनिवारी वरच्या तळ्यावर जायचं ठरतंय," ओदिल घाईघाईने म्हणाली. "येतेस ना? बर्फ पडायच्या आत एकदा. माझ्या गाडीत जागा आहे."

म्हणजे संपलं. पुसलं. आठवडाभर जिला वाळीत टाकलं तिच्या हातात एक कप दिला की फिटलं. हिरुतने कप मशीनवर ठेवला.

"रेजिस, सांग यांना."

"काय? अगं, मी मादामना सगळं..."

"मादामना नाही. यांना. कुजबुजलास ते इथे, याच जागी. आता बोल, पण मोठ्याने."

रेजिस कानापर्यंत लाल झाला. खाली बघून तो म्हणाला, "हिरुतने कुणाला सांगितलं नव्हतं."

"मग कुणी सांगितलं?"

शपथ घेऊन सांगावं लागलं असतं तरी त्याला इतकं जड गेलं नसतं. "माझ्या वडिलांनी."

यान फिसकन हसला. "तुझ्या बापाने? एवारिस्तने? जागा सांगितली? कुणाला?"

"वृद्धाश्रमात. जेवणाच्या हॉलमध्ये."

आणि मग काय, हास्याचा स्फोट. ओदिल डोळे पुसत होती. यान म्हणत होता, म्हाताऱ्याला पुतळा उभारला पाहिजे. कुणी विचारत होतं, नकाशा मिळेल का. शेवटी रेजिसही हसायला लागला, सुटल्यासारखा, आणि बापाने पेल्यावर काटा कसा वाजवला त्याची नक्कल करून दाखवायला लागला. सगळ्यांनी त्याच्याभोवती कोंडाळं केलं. हिरुत पुन्हा बाहेर उभी. तिचा अन्याय त्यांच्या गमतीत विरघळून गेला, इतक्या पटकन, की बघणाऱ्याला वाटावं तो नव्हताच.

"हसताय?" ती म्हणाली.

आवाज चढवला नव्हता, पण हसू थांबलं.

"आठवडाभर मी इथे येत होते. रोज. तुमच्यासमोर कॉफी घेत होते. तुम्ही कपात बघत होतात, फोन काढत होतात. मी काय केलं ते तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंत, माझं काम कुठे असावं ते ठरवलंत, आणि आता मी निर्दोष आहे हेही तुम्हीच ठरवलंत, तेही याच्या बापाने सांगितलं म्हणून. मला कुणी विचारलं? तुमच्यातल्या एकाने? एकदा तरी?"

यानने कप कचऱ्यात टाकला, मग तो भरलेला होता हे त्याच्या लक्षात आलं. मशीन घरघरत होतं.

ओदिलचा चेहरा उतरला होता. ती एक पाऊल पुढे आली, हाताची बोटं एकमेकांत गुंतवून उभी राहिली, आणि खूप उशीर झालाय हे माहीत असलेल्या माणसासारखी म्हणाली, "तू सांगितलं होतंस का, हिरुत? कुणाला?"

किती दिवस ती या प्रश्नाची वाट बघत होती! मनातल्या मनात तिने याचं उत्तर हजारदा ओरडून दिलं होतं, बसमध्ये, जिन्यात, अंघोळ करताना.

"नाही," ती म्हणाली.

इतका बारीक आवाज आला की तिचा तिलाच ओळखू आला नाही. आणि त्या सगळ्यांसमोर डोळ्यांत पाणी आलं, याचा तिला सगळ्यात जास्त राग आला.